मागून येणारा उजेड

१

सहा व्होल्टचा बल्ब आमच्याकडे तीन मापांत मिळायचा: अठरा वॅट, चोवीस आणि छत्तीस. मी तिन्ही वापरले आहेत. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, आणि सांगायचं ते मी त्याच क्रमाने सांगणार आहे.

साल एकोणीसशे चौतीस. मी कालवा इन्स्पेक्टर होतो. बिऱ्हाड बारामतीत, हद्द बारामतीपासून इंदापूरच्या अंगाला निमगाव केतकीपर्यंत. पाण्याची पाळी सुरू असली की कालव्याच्या काठच्या सडकेने रात्री एक फेरी मारायची आणि वाटेत कालव्यातून फुटणाऱ्या सात फाट्यांची दारं ठरल्याइतकीच उघडी आहेत ना, ते बघायचं. उसाला तहान लागली की माणूस रात्री गुपचूप दार दोन बोटं वर उचलतो. मला त्याचा फारसा राग येत नसे, पण पगार त्याच कामाचा होता.

फटफटी मी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली. तिची बॅटरी केव्हाच मेली होती आणि नव्या बॅटरीचा खर्च मला झेपत नव्हता. त्यामुळे दिवा थेट डायनॅमोवर चाले. इंजिन जोरात फिरलं की दिवा लख्ख, मंदावलं की मंद, बंद पडलं की अंधार. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं समजायला जड जाणार नाही.

माझ्या मागे गेणबा बसे. तो पाटकरी, म्हणजे कालव्याची दारं राखणारा. राहणारा निमगाव केतकीचा, वय पन्नाशीचं, अंगाने मजबूत. त्याच्या डाव्या हातात कंदील असे. फटफटी एकदा थांबली की चालू करायला दहा लाथा माराव्या लागत, म्हणून आम्ही थांबतच नसू. फाट्याचा पूल आला की मी वेग माणसाच्या चालीइतका करायचा, गेणबाने चालत्या गाडीवरून उतरायचं, दार बघायचं आणि पळत येऊन पुन्हा बसायचं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, तेव्हा खुणा ठरल्या होत्या. पाठीवर एक थाप म्हणजे हळू करा, उतरतो. दोन थापा म्हणजे बसलो, चला. बसताना तो कंदील वर धरी, त्यामुळे समोरच्या सडकेवर माझी सावली पडायची. तिच्या खांद्याशी आधी गेणबाचा हात दिसायचा आणि मग थाप बसायची.

आणखी दोन खुणा होत्या. डावा खांदा दाबला तर डावीकडे घ्यायचं, उजवा दाबला तर उजवीकडे. त्यांचं कारण मात्र वेगळं होतं. दोन वर्षांपासून दिवेलागण झाली की मला दिसेनासं व्हायचं. शेवग्याचा पाला खाऊन खाऊन घरातली सगळी कंटाळली, पण डोळे सुधारले नाहीत. खात्याला कळतं तर रात्रीची फेरी गेली असती आणि तिच्यामागोमाग नोकरी. घरात खाणारी तोंडं सहा. हे फक्त गेणबाला ठाऊक होतं, आणि तेही मी सांगितलं नव्हतं. एका रात्री सडकेत सोडलेली बैलगाडी मला दिसली नाही, तेव्हा त्याने माझा उजवा खांदा दाबला. त्यानंतर तो न विचारता दाबत राहिला, आणि मीही कधी विषय काढला नाही.

२

फाल्गुनात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. मी हुकूम सोडून कालव्याच्या काठचे झाडून सगळे दगड चुन्याने रंगवून घेतले. एरवी फक्त पुलांचे दगड पांढरे असायचे. त्या वेळी मैलाचे, वळणाचे, सगळेच पांढरे झाले. साहेब आले, खूश झाले आणि गेले.

त्याच आठवड्यात मी दत्तोबाकडे गेलो. बारामतीत स्टेशनच्या वाटेला त्याचं सायकलींचं दुकान होतं. उसाच्या चरकांची इंजिनंही तो दुरुस्त करी आणि माझी फटफटीसुद्धा. त्याने अठराचा बल्ब काढून चोवीसचा बसवला.

"पळताना लई झ्याक दिसंल," तो म्हणाला. "पर हळू केली का पैल्यापरीस जास्त अंधारंल. डायनॅमो म्हंजी बैलच की, साहेब. वझं वाढीवलं का चाल पडली तवा त्यो बसनार."

मी बरं म्हटलं. पहिलं वाक्य मी ऐकलं होतं, दुसरं नुसतं कानावर पडलं होतं.

त्या रात्री निघालो आणि खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. सडकेच्या चाकोऱ्या दिसत होत्या. बाभळीच्या फांद्या वेगवेगळ्या दिसत होत्या. दोन वर्षांत असं काही मी रात्री पाहिलं नव्हतं. पहिल्या पुलाआधी गेणबाने सवयीने माझा खांदा दाबला, तेव्हा मी मान वळवून ओरडलो, "आजपासून हात लावायचा नाही. मला दिसतंय."

"दिवा नवा हाय, साहेब," तो कानाशी येऊन म्हणाला. "जरा चार दिस जाऊ द्या."

"सांगितलं ना. मी वेग कमी केला की उतर, एवढंच तुझं काम."

"बरं," गेणबा म्हणाला.

पाच दारं ठीक झाली. पाचही ठिकाणी पांढरे दगड मी स्वतः हेरले. सहाव्या पुलाच्या अलीकडे कालवा दीड पुरुष खाली उडी घेतो. पाण्याचा तिथे सतत घोष असतो आणि सडक अगदी कडेने जाते. तिथे मला पांढरा दगड दिसला. मी वेग कमी केला. दिवा एकदम तांबडा झाला आणि दगडापलीकडचं सगळं नाहीसं झालं. मागच्या गादीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. गेणबा उतरला होता.

मी तसाच पुढे सरकत राहिलो. चाळीस आकडे मोजायची माझी सवय होती, तेवढ्यात गेणबा परत येई. चाळीस झाले. पाठीवर दोन थापा बसल्या. मी मूठ पिळली आणि निघालो.

थोडं पुढे गेल्यावर दिव्यात एक पूल आला आणि गेला. मी तो सातवा समजलो. तिथे वेगही कमी केला होता, पण स्प्रिंगा काही वाजल्या नाहीत. म्हटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली असेल. फेरी संपायची तिथे, निमगावच्या बंगल्यावर, मी गाडी थांबवली आणि म्हणालो, "उतर गेणबा, चहा टाक."

मागे कोणी नव्हतं. मी गादीवर हात ठेवला तर ती निथळेल इतकी ओली होती. दव पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. फाल्गुनात आमच्याकडे दव पडत नाही.

३

तिसऱ्या दिवशी तो कालव्यात, खाली बावडा गावाच्या अंगाला सापडला. कंदील मिळाला नाही.

चौकशीत मी लेखी जबाब दिला. त्यात लिहिलं, की मी सहाव्या पुलावर गाडी पूर्ण थांबवली, गेणबा उतरला, आणि काही खाजगी कारणाने काठाने मागे चालत गेला असावा. चुन्याच्या दगडांचा, त्यांतल्या उडीजवळच्या एकाला मी सहावा पूल समजलो याचा, उल्लेख केला नाही. डोळ्यांचा तर प्रश्नच नव्हता. दोन थापांचं मी कोणत्या तोंडाने लिहिणार? सवयीच्या माणसाला सवयीच्या वेळी सवयीची गोष्ट जाणवते, यात नवल नाही. अंगठी काढून ठेवली तरी महिनाभर बोट चाचपतं. तसंच ते, असा निकाल मी मनाशी लावून टाकला. जबाब मंजूर झाला.

गेणबाची बायको मुक्ताबाई कचेरीच्या पायरीशी बसून होती. दोन लहान पोरं जवळ. मी बाहेर आलो तशी ती उठली.

"साहेब, एकच इचारते. तुमी गाडी थांबीवली व्हती न्हवं?"

"थांबवली होती," मी म्हणालो.

ती पोरांना घेऊन गेली. मी हलकट माणूस नाही, निदान तोवर स्वतःला तसा समजत नव्हतो. पण सहा तोंडं घरात होती आणि जबाब देऊन झाला होता.

४

नवा पाटकरी मिळेपर्यंत फेरी एकट्याने करायची होती. आता खांदा दाबणारं कोणी नव्हतं, म्हणून दत्तोबाकडून मी छत्तीसचा बल्ब बसवून घेतला.

वेगात असताना त्या बल्बचं काय सांगावं. शंभर पावलांवरच्या कोल्ह्याचे डोळे चमकायचे. पण मूठ सैल केली की आत नुसती लाल तार दिसे, आणि माझ्या डोळ्यांना तेवढ्यात काहीच पुरत नसे. मी वेगातच पूल हेरायचो, गाडी बंद करायचो, चाचपडत दारापर्यंत जायचो, ते किती बोटं उघडं आहे तो आकडा घ्यायचो, मग लाथा मारत बसायचो. पहिल्या रात्री पाच दारं अशी झाली. घामाघूम झालो, पण झाली.

कालव्याची उडी जवळ आली. पाण्याचा घोष ऐकू येऊ लागला. वेग चांगला होता, समोर सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि माझ्या पाठीवर एक थाप बसली.

एक थाप. हळू करा, उतरतो.

मी वेग वाढवला. पूल मागे गेला, सहावं दार मागे गेलं. त्या दाराचा आकडा मी दुसऱ्या दिवशी अंदाजाने लिहिला.

पुढच्या रात्री मी विचार करून निघालो. पाठीचा स्नायू उडतो, माणसाला थापेसारखं वाटतं, असं मी कुठेसं वाचलं होतं. उडीपाशी थाप बसली. मी वेग वाढवला नाही, पण थांबलोही नाही. पुलावर मात्र ठरवून वेग कमी केला. बल्ब तांबडा झाला. समोर काळोख व्हायला हवा होता.

समोर माझी सावली होती.

सडकेच्या धुळीवर ती स्पष्ट पडली होती. टोपी, कान, खांदे, सगळं. थोडी हलत होती, हातात धरलेल्या दिव्याने हलते तशी. माझा दिवा माझ्या पुढे आहे, तेव्हा माझी सावली माझ्या पुढे पडणार नाही. हे शाळेतल्या मुलालाही कळतं. मागे एखादी बैलगाडी असेल, आसाला कंदील टांगलेला असेल, असं म्हणून मी मान वळवली. मागे काळोख होता. परत समोर पाहिलं तर सावली जागच्या जागी होती.

मी मूठ पिळली. दिवा पेटला आणि सावली त्यात बुडाली.

त्यानंतर दर रात्री ती असे. छत्तीसच्या झोतात दिसायची नाही. माझा दिवा मंदावला की मागचा उजेड उरायचा, एवढाच त्यातला हिशेब. मी घेतलेल्या मोठ्या बल्बमुळे ती अधिक नीट दिसत होती, हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

५

दत्तोबाने मागचं चाक फिरवून पाहिलं आणि खाली बसला.

"मागं कोन बसतंय?"

"कोणी नाही. एकटाच असतो महिनाभर."

"मंग वझं कशाचं व्हाता?" त्याने टायरवर बोट फिरवलं. "दोन मानसांनी घासावं तसं घासलंय. आन ही गादीची स्प्रिंग बघा, पार बसलीया. एकटा मानूस असला तर हिला हात लागायचं कारन न्हाय."

मी म्हणालो, जुनं रबर असेल.

"म्याच घातलंय की संक्रांतीला." तो उठला आणि दिव्याच्या काचेकडे बघत म्हणाला, "माझं ऐका, साहेब. अठराचाच लावा परत. येवढा उजेड काय कामाचा? हळू केल्याव जे दिसंल ते खरं. वाट जिथं अवघड तिथं मानूस हळूच करतंय."

मी ऐकलं नाही. अठराच्या बल्बने मला पूल हेरताच आले नसते आणि नोकरी गेली असती. शिवाय उजेड कमी करायचं धाडस आता माझ्यात नव्हतं. मी भ्यालो होतो. तेव्हा हे कोणाजवळ कबूल केलं नाही, आता करतो.

६

चैत्रात हिंदुराव आला. कऱ्हाटीचा पोरगेला पाटकरी, अंगाने काडी, तोंडाने बडबड्या. त्याच्याकडे कंदील नव्हता, विजेरी होती, आणि ती जपून वापरायची असं त्याच्या घरच्यांनी त्याला बजावलं होतं. पहिल्याच रात्री मी त्याला सांगितलं, "पूल आला की मी वेग कमी करीन. दार बघ, ये, बस, आणि बसलास की तोंडाने ओरड. मला हात लावायचा नाही."

हेच शब्द मी आणखी एका माणसाला सांगितले होते, हे बोलून झाल्यावर ध्यानात आलं. पण त्याच्यासाठी पूर्ण थांबावं, असं काही मनात आलं नाही. दहा लाथांचा कंटाळा. दुसरं काही कारण नव्हतं.

तो मागे बसला आणि लगेच चुळबुळू लागला. "साहेब, गादी वली हाय."

"रुमाल घाल."

"आन जरा म्होरं सरका की. जागाच न्हाय मागं."

मी टाकीला टेकलो होतो. याहून पुढे सरकायला जागा नव्हती.

पाच पूल झाले. पाचही वेळा "बसलो, साहेब" अशी त्याची आरोळी आली, आणि मला त्या आरोळीचा फार आधार वाटला. उडीपाशी पाठीवर एक थाप बसली. विसरला असेल पोरगा, म्हटलं, आणि तसाच पुढे गेलो. खऱ्या पुलाशी आलो. पुलाचे दोन दगड मी नीट पाहिले, मोजले, मग वेग कमी केला. बल्ब तांबडा झाला. स्प्रिंगा कुरकुरल्या. हिंदुराव उतरला.

समोर माझी सावली पडली.

मी आकडे मोजत राहिलो, कारण दुसरं काय करणार? बत्तीस. तेहेतीस. सावलीच्या खांद्याशी काहीतरी हललं. एक हात वर आला. जाड बोटांचा, मनगटाशी रुंद. हिंदुरावचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. हात वर आला, थांबला, खाली गेला. माझ्या पाठीवर थाप बसली. पुन्हा वर आला. दुसरी बसली.

बसलो, चला.

माझ्या मुठीने आपोआप पीळ घेतला. इंजिन गुरगुरलं, गाडी हातभर पुढे गेली. सवय ही अशी असते. त्या रात्रीही मी असाच निघालो होतो, चाळीस आकडे मोजून, दोन थापांवर विश्वास ठेवून, आणि तेव्हा गेणबा खाली पाण्यात होता. बहुतेक जिवंतही होता. एवढं मनात आलं आणि मी इंजिन बंद केलं.

दिवा गेला. पाण्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातून फार बारीक, मागून, "साहेब." मग पुन्हा, "साहेब, पडतोय."

माझा दिवा विझला होता तरी सडक दिसत होती. मागचा उजेड तसाच होता. मी मागे वळलो नाही. समोरच्या सावलीकडे बघत मोठ्याने म्हणालो, "गेणबा, या खेपेला मी थांबलोय."

उजेड गेला.

त्यानंतर मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. फटफटी आडवी टाकली आणि हात पुढे करून आवाजाच्या दिशेने निघालो. कालव्याची कड कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं. चार पावलं गेलो असेन, तोच माझा डावा खांदा दाबला गेला. मी डावीकडे वळलो. दहा पावलं, मग उजवा. मी उजवीकडे वळलो. मग पाठीवर एक थाप. मी थांबलो, गुडघ्यांवर बसलो, हात खाली घातला, आणि हिंदुरावचं मनगट हाताला लागलं. दार वरखाली करायच्या चाकाला धरून तो पाण्यावर लोंबकळत होता. चाकाला ग्रीस लावलं होतं, हात सुटत आला होता, असं तो नंतर म्हणाला.

वर आल्यावर त्याने हाताचं ग्रीस धोतराला पुसलं. मग म्हणाला, "थांबला ते लई बरं झालं, साहेब. पर येवढ्या अंधारात सरळ कसं आला वं? मी वाईच विजेरी लावाया बघत व्हतो, तीबी पान्यात गेली."

मी म्हणालो, वाट पायाखालची आहे.

७

दुसऱ्या दिवशी मी खरा जबाब लिहिला. डोळ्यांचं लिहिलं, चुन्याच्या दगडांचं लिहिलं, गाडी थांबवली नव्हती हे लिहिलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. नोकरी गेली. फटफटी, तिन्ही बल्बांसह, दत्तोबाने घेतली. घरात कोणी माझ्याशी बोलेना. पण मला हलकं वाटत होतं. पाठ हलकी वाटत होती. गेणबा उतरला, असं मी धरून चाललो होतो.

एक गोष्ट राहिली होती. रविवारी सकाळी सर्व्हिस मोटारने निमगाव केतकीला उतरलो आणि पायी मळ्यात गेलो. मुक्ताबाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. पोरं जवळच चटईवर गाढ झोपली होती.

"मुक्ताबाई," मी म्हणालो, "मी त्या रात्री थांबलो नव्हतो."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "तेंची रीत ठावं हाय. चालत्या फटफटीवरनंच उतरायचे."

"मी कचेरीत सगळं खरं लिहून दिलंय."

"बरं केलं."

मला आणखी काहीतरी हवं होतं. तिने शिव्या द्याव्यात, रडावं, निदान जा म्हणावं. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहता पाहता तिची नजर माझ्या खांद्यावरून थोडी मागे, थोडी वर गेली. तिथे ती थांबली. तिच्या हातातली जुडी सुटली.

"तुमी घिऊन आलाय व्हय तेंना?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हितं न्हाय उतरवायचं, साहेब." ती हळू आवाजात बोलत होती, पोरं उठू नयेत म्हणून. "तेराव्याचं जेवान घातलंय म्या. मागला महिना सारा दारातनं वलं पाऊल यायचं, पोरांचा डोळ्याला डोळा न्हवता. चार दिस झालं, आत्ताशी झोपाया लागलीत. तुमी नेलं व्हतं तेंना. तुमीच ठिवा."

"मुक्ताबाई, मी काय करू?"

"तुमास्नी रातचं दिसत न्हाय, म्हनायचे ते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडी कीव होती. "मंग असू द्या की. वाट दावत्याल."

तिने खाली पडलेली मेथी गोळा करायला घेतली. मी वळलो आणि सडकेला लागलो. चार दिवस. हिंदुरावला वर काढलं त्याला बरोबर चार दिवस झाले होते. सकाळचं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं, तेव्हा माझी सावली पुढे पडणारच होती, त्यात नवल काही नव्हतं. तिच्या खांद्याशी काय आहे ते बघायचं नाही म्हणून मी मान वर करून मोटारच्या थांब्याकडे बघत राहिलो.

मळ्याची हद्द संपली तिथे माझ्या पाठीवर दोन थापा बसल्या. मी तर पायी होतो. मी चालत राहिलो.